मांजर, त्याची अनपेक्षित खेळणी आणि गॅलरीतले पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटमध्ये मांजर पाळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला खेळण्यांचे, मग कबुतर-कावळ्यांचे आणि शेवटी थोडे अडचणीचे प्रश्न आहेत. वरवर पाहता हे विषय वेगळे वाटतात. परंतु बाटलीच्या झाकणावर झडप घालणारे मांजर आणि काचेपलीकडच्या कबुतराकडे टक लावून बसलेले मांजर एकच काम करत असते, आणि ते काम शिकारीचे असते. म्हणून एका प्रश्नाचे उत्तर अनेकदा दुसऱ्यात सापडते. तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चांगले चारशे रुपयांचे खेळणे आणले, तर आमचे मांजर ते सोडून त्याच्या खोक्यातच जाऊन बसले. असे का?

खोके मांजराच्या दोन गरजा एकाच वेळी भागवते. दबा धरून बसायला त्यात आडोसा मिळतो आणि अंग आखडून बसले की ऊबही मिळते. मांजराला ज्या तापमानात अंग गरम किंवा थंड ठेवण्यासाठी वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही, ते साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपण पंखा सुरू करतो तेव्हा मांजर नुकते सुखावलेले असते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आसरागृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण खोके न मिळालेल्यांपेक्षा लवकर उतरला. तेव्हा खोके रद्दीवाल्याला देण्याची घाई करू नये. त्यावरची चिकटपट्टी आणि धातूच्या पिना मात्र आधी काढून टाकाव्यात.

२. घरातल्याच कोणत्या वस्तू खेळायला दिल्या तर चालतात?

उंदराएवढी, हलकी, ढकलली की दूर जाणारी आणि तोंडात पूर्ण न मावणारी कोणतीही वस्तू मांजराला आवडते. पाण्याच्या बाटलीचे मोठे झाकण, टेबल टेनिसचा चेंडू, चुरगाळलेल्या कागदाचा गोळा, टॉयलेट पेपरच्या आतला पुठ्ठ्याचा रोल, सोललेल्या मक्याचे बुरकुंड, पाय कापून गाठ मारलेला जुना मोजा, ही सगळी खेळणी घरात फुकट मिळतात. फरशी गुळगुळीत असल्यामुळे आपल्याकडच्या घरांत झाकण हे खेळणे फारच रंगते. मांजर पंजाने झाकणाला टोला देते, ते फ्रिजखाली जाते, मग मांजर पोटावर आडवे होऊन खांद्यापर्यंत हात आत घालते आणि दहा मिनिटे तेथेच रमते. घरातल्या माणसाने मधूनमधून लाटण्याने झाकण बाहेर काढून द्यावे, एवढेच त्याचे काम.

भेंडीचा देठ, वाटाण्याची रिकामी शेंग, मक्याच्या कणसाचे केस अशा स्वयंपाकघरातील वस्तूही मांजरे पळवतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी आहेत, परंतु लसणाची पाकळी आणि कांद्याची चकती यांना अपवाद समजावे. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. लसूण सोलताना उडालेली पाकळी फरशीवर गोल फिरते आणि मांजराला मोहात पाडते, म्हणून ती लगेच उचलावी.

३. कोणती वस्तू कधीही देऊ नये?

सर्वांत वरती दोरा येतो. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, तो आतच सरकत राहतो. त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकले आणि उरलेला भाग आतड्यात उतरला, की आतडे नाडीवर चुण्या पडाव्यात तसे दोऱ्यावर गोळा होते आणि ताणलेला दोरा आतड्याला चिरत जातो. बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय त्यावर इलाज नसतो. हीच भीती शिवणाचा दोरा, लोकरीचा धागा, केसांचे रबर, वर्तमानपत्राच्या गुंडाळीवरचा रबरबँड, राखीचा गोंडा, भेटवस्तूवरची चकचकीत फीत, गणपतीच्या मखराची जर आणि आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या यांची आहे. चित्रांतील मांजरे लोकरीच्या गुंड्याशी खेळतात, प्रत्यक्षात मात्र तसा गुंडा मोकळा ठेवू नये. दोरीचे खेळणे हवे असेल तर माणसाने काठीला बांधून स्वतः हातात धरावे आणि खेळ संपल्यावर कपाटात ठेवावे.

संक्रांतीच्या सुमारास मांज्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली, तरी त्याचे तुकडे अजूनही गच्चीवर आणि गॅलरीच्या जाळीला लोंबताना सापडतात. सुती मांज्याला काचेची धार असतेच. जानेवारीत गॅलरी रोज पाहून घ्यावी.

दुसरा गट गोल आणि घरंगळणाऱ्या विषारी वस्तूंचा. डांबरगोळी मांजराला चेंडूसारखी वाटते, आणि ती चाटली तरी बाधते. पूजेतील कापूर, घड्याळाचे बटण सेल, औषधाच्या पाकिटातून निसटलेली गोळी यांचेही तसेच. पॅरासिटामॉल माणसाला रोजचे वाटते, परंतु मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही आणि एक गोळीही जिवावर बेतू शकते. फुलांच्या गुच्छातील लिली हिचा उल्लेख येथेच करतो. लिलीची फुले, पाने, परागकण आणि फुलदाणीतील पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करते.

४. मांजराने दोरा गिळला आहे आणि शेपटीखाली त्याचे टोक दिसत आहे. ओढून काढू का?

नाही. आतल्या बाजूला दोरा कोठे अडकला आहे हे बाहेरून कळत नाही आणि ओढल्यास आतडे फाटू शकते. तोंडातून टोक दिसत असले तरीही हाच नियम पाळावा. टोक कापण्याचाही प्रयत्न करू नये. मांजराला खायला न देता लगेच पशुवैद्याकडे न्यावे. उलट्या होणे, खाणे बंद होणे, पोटाला हात लावू न देणे ही लक्षणे दिसण्याची वाट पाहण्यात वेळ जातो आणि तोच वेळ महत्त्वाचा असतो.

५. खेळणे कितीही चांगले आणा, दोन दिवसांत मांजर त्याच्याकडे पाहतही नाही. आळशी झाले आहे का?

आळशी नाही, कंटाळलेले आहे. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की तेच खेळणे पुन्हा पुन्हा दिल्यास मांजराचा रस घटत जातो, आणि त्यानंतर लगेच वेगळे खेळणे दिल्यास तो पूर्वीपेक्षाही जोराने उसळतो. त्याच गटाच्या आधीच्या कामात भुकेली मांजरे अधिक जोराने खेळतात, हेही दिसले होते. यामागचे कारण शिकारीत आहे. कितीही ओरबाडले तरी न बदलणारी, न फाटणारी वस्तू मांजराच्या लेखी फसलेली शिकार असते.

म्हणून सगळी खेळणी एकदम पसरून ठेवू नयेत. चार-पाच खेळणी आळीपाळीने द्यावीत, बाकीची डब्यात बंद ठेवावीत. जेवणाच्या आधी दहा मिनिटे खेळवून मग वाटी पुढे केली, तर पाठलाग, झडप, खाणे आणि झोप हा क्रम पुरा होतो, आणि पहाटे चारला तुमच्या पायाच्या अंगठ्यावर होणारे हल्लेही बरेच कमी होतात.

६. लेसरचा लाल ठिपका चालतो का?

थोडा वेळ चालतो, परंतु शेवट नेहमी हाती लागणाऱ्या वस्तूवर करावा. ठिपका कधीच पकडता येत नाही, त्यामुळे प्रश्न ५ मधील क्रम अपुरा राहतो आणि काही मांजरे नंतर तासन्‌तास भिंतीवरच्या कवडशांमागे धावत राहतात. डोळ्यांवर प्रकाश पडू देऊ नये.

७. परदेशी लोक मांजराला कॅटनिप देतात. आपल्याकडे तसे काही मिळते का?

कॅटनिप म्हणजे वासाने मांजराला धुंद करून लोळायला लावणारे एक रोप. ते आता दुकानांत वाळवलेले मिळते. साधारण दोन तृतीयांश मांजरांवरच त्याचा परिणाम होतो आणि लहान पिल्लांवर सहसा होत नाही, तेव्हा तुमचे मांजर नुसते हुंगून निघून गेले तर पैसे बुडाले एवढेच समजावे. आपल्या परसात, पडक्या भिंतीशी आणि कुंड्यांत आपोआप उगवणारी खोकली किंवा कुप्पी या नावाची वनस्पती मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. तिचे रोप मुळासकट उपटले, की त्या मुळाच्या वासाने मांजरे अशीच लोळू लागतात. कुंडीतील तण काढताना मांजर अचानक मातीत गडगडा लोळू लागले असेल, तर काढलेल्या तणात बहुधा खोकली असते. मूळ हुंगायला द्यावे, चघळू लागल्यास काढून घ्यावे.

८. खिडकीतून कबुतर दिसले की मांजर दात वाजवल्यासारखा 'कट-कट' आवाज काढते. ते थंडीने कुडकुडते आहे का?

थंडीचा त्याच्याशी संबंध नाही. जबडा वेगाने हलवून काढलेला हा आवाज भक्ष्य दिसते पण हाती लागत नाही अशा वेळी येतो. त्याचे नेमके कारण काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काही जण त्याला उत्तेजना म्हणतात, काही जण मानेचा चावा घेण्याच्या हालचालीची तालीम म्हणतात. भक्ष्याची नक्कल असावी असेही एक मत आहे, आणि त्याला आधार म्हणून ब्राझीलमधील एक नोंद सांगितली जाते. तेथील ॲमेझॉनच्या जंगलात २००५ मध्ये मार्गे जातीचे एक रानमांजर टॅमरिन माकडांच्या पिल्लांसारखा आवाज काढताना संशोधकांनी पाहिले होते. घरातले मांजर कबुतरासारखे घुमत नाही, हेही खरेच.

दिवसातून काही वेळ असे पाहत बसणे मांजराला चांगले असते. खिडकीशी एक रुंद फळी किंवा स्टूल ठेवावे.

९. मांजर पाळले तर गॅलरीतली कबुतरे जातील का?

बहुतेक घरांत जात नाहीत, आणि त्यासाठी म्हणून मांजर आणणे हा मांजरावर अन्याय आहे. पहिले दोन-चार दिवस कबुतरे बिचकतात. मग मांजर काचेच्या किंवा जाळीच्या आतच राहते हे त्यांना कळते, आणि त्यानंतर जो प्रकार सुरू होतो तो पाहण्यासारखा असतो. नर कबुतर एसीच्या बाहेरच्या यंत्रावर मान फुगवून, गोल गोल फिरत मादीपुढे घुमत राहतो, वीतभर अंतरावर काचेला नाक लावून मांजर शेपटीचे टोक आपटत असते, आणि कबुतर त्याच्याकडे पाठ करून तेथेच विष्ठा टाकते. मांजर झडप घालते, काचेवर आपटते आणि लगेच बसून अंग चाटू लागते, जणू आपण उडी मारलीच नव्हती.

कबुतरे टिकतात ती अन्न आणि बसायला कठडा यांच्यामुळे. मूळची कड्याकपारींत राहणारी ही जात इमारतींच्या छज्ज्यांना कडेच समजते. खाली चौकात कोणी रोज पोतेभर चणे-ज्वारी टाकत असेल, तर वरच्या गॅलरीतले मांजर काही करू शकत नाही. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत मोठा वाद झाला, तो या अन्नावरूनच, आणि त्यामागे कबुतरांच्या विष्ठेमुळे व पिसांमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांची चिंता होती. ती चिंता घरातही लागू आहे. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तोंडाला मास्क लावून, पाणी मारून, ओली करून काढावी. तिच्यात वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी माणसाप्रमाणे मांजरालाही बाधते, म्हणून साफसफाई होईपर्यंत मांजराला आत ठेवावे.

१०. गॅलरीत कबुतराने अंडी घातली आहेत आणि मांजर दाराशी ठाण मांडून बसले आहे. काय करू?

कबुतर सहसा दोन अंडी घालते. ती सतरा ते एकोणीस दिवसांत उबतात आणि पिल्ले चार-पाच आठवड्यांनी उडतात, म्हणजे सुमारे दीड-दोन महिने गॅलरी अडकली असे धरावे. एवढे दिवस मांजराला तिकडे सोडू नये. अंडी घातल्यानंतर घरटे उधळणे बरे नव्हे. त्याऐवजी पिल्ले उडाल्याच्या दिवशीच जागा धुऊन बंद करावी, कारण तीच जोडी त्याच जागी लगेच पुन्हा अंडी घालायला येते आणि कबुतरांचा विणीचा हंगाम वर्षभर चालतो. खरा उपाय त्याही आधीचा आहे. खराट्याच्या चार काड्या आणि वायरचा एखादा तुकडा एवढ्यावरच त्यांचे घरटे उभे राहते, तेव्हा पहिल्या काड्या दिसताच रोज उचलून टाकाव्यात.

हाच प्रश्न बुलबुलाबद्दल विचारणाऱ्यांना वेगळे उत्तर आहे. मनीप्लांटच्या वेलीत किंवा दिव्याच्या शेडवर बांधलेल्या बुलबुलाच्या घरट्यातील सगळा संसार महिन्याच्या आत आटोपतो. तेवढे दिवस दार लावून घ्यावे आणि कौतुकाने काचेतून पाहावे.

११. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजरालाही पुरेशी आहे का?

नाही. ही जाळी पक्षी आत येऊ नये म्हणून असते, मांजर बाहेर पडू नये म्हणून नसते. उन्हाने नायलॉन ठिसूळ होते, मांजर ते दातांनी तोडते आणि कोपऱ्यातला एक हूक निघाला तरी डोके जाण्याएवढी फट पडते. कबुतरावर झेप घेताना मांजराचे भान सुटते, हे लक्षात ठेवावे. हल्लीच्या उंच इमारतींत लावतात त्या बारीक पोलादी तारांच्या 'अदृश्य' ग्रिलमध्येही दोन तारांत दोन-तीन इंचांचे अंतर असते आणि पिल्लू त्यातून सहज निसटते. एक इंचापेक्षा लहान चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे धातूच्या तारा एकमेकींना जोडून केलेली कडक जाळी, चौकटीला स्क्रूने पक्की बसवलेली, हाच भरवशाचा उपाय आहे.

'मांजर नेहमी पायांवर पडते, त्याला काही होत नाही' असे सांगणारे भेटतात. त्यांचा आधार बहुधा न्यू यॉर्कमधील १९८७ चा अभ्यास असतो. त्यात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. परंतु ती रुग्णालयात आणलेली मांजरे होती. जी जागीच मेली त्यांना कोण रुग्णालयात आणणार? आणि वाचलेल्यांचीही छाती, जबडे व पाय शाबूत नव्हते.

१२. कावळे आमच्या मांजराच्या एवढे मागे का लागतात? एकाने तर शेपटी ओढली!

कावळ्यांना मांजर म्हणजे पिल्लांचा शत्रू. आपल्याकडे त्यांची वीण साधारण एप्रिलपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असते आणि मे-जूनमध्ये उडता न येणारी पिल्ले खाली उतरलेली असतात. त्या दिवसांत मांजर गच्चीवर दिसले की एक कावळा ओरडतो, पाच मिनिटांत दहा जमतात आणि मांजराला टाकीखाली आश्रय घ्यावा लागतो. साळुंक्या, कोतवाल आणि सातभाईही हेच करतात. सातभाईंच्या टोळीने कलकलाट मांडला असेल तर झुडपात मांजर किंवा साप आहे असे खुशाल समजावे.

शेपटी ओढण्याचा प्रकार मात्र विणीच्या हंगामाबाहेरही चालतो. त्यात दोन कावळे लागतात. एक मांजराच्या पुढ्यात, झडपेच्या जेमतेम बाहेर उतरतो आणि मान वाकडी करून उभा राहतो. मांजर अंग दाबून त्याच्यावर नजर रोखते. तेवढ्यात दुसरा मागून तिरक्या उड्या मारत येतो, शेपटीचे टोक चोचीत धरून झटका देतो आणि मांजर वळेपर्यंत कठड्यावर पोहोचलेला असतो. मग पुढचा कावळा मागचा होतो. मांजराच्या तोंडात मासा किंवा पुढ्यात वाटी असेल तर या खेळाचा हेतू उघड असतो, कारण मांजर वळले की वाटी मोकळी. काहीच नसतानाही ते हे का करतात, याचे उत्तर कावळ्यांनाच ठाऊक. खोडसाळपणा हा शब्द शास्त्रीय नाही, परंतु पाहणाऱ्याच्या तोंडी तोच येतो.

उपाय साधा आहे. मांजराला उघड्यावर जेवायला देऊ नये आणि विणीच्या महिन्यांत त्याला गच्चीवर नेऊ नये.

१३. मी कावळ्याच्या पिल्लाला मांजरापासून वाचवले, तर उलट कावळेच आता मला टोचायला येतात. ते माणूस ओळखतात का?

ओळखतात, असे मानायला भक्कम आधार आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ पासून केलेल्या प्रयोगात, विशिष्ट मुखवटा घालून कावळे पकडल्यावर तो मुखवटा घातलेल्या कोणाही माणसावर कावळे पुढे अनेक वर्षे ओरडत राहिले. ती अमेरिकी कावळ्याची जात होती, परंतु आपल्या गावकावळ्याच्या वागण्याशी परिचित असलेल्या कोणाला याचे आश्चर्य वाटणार नाही. तुम्ही पिल्लू हातात घेतले एवढेच त्याच्या आईबापांनी पाहिले. पिल्ले उडू लागेपर्यंत छत्री उघडून जावे.

१४. पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेले पान मांजराने खाल्ले. आता काय?

धार्मिक बाजूचे उत्तर गुरुजींनी द्यावे. मांजराच्या तब्येतीपुरते सांगायचे, तर त्या पानात कांदा-लसूण सहसा नसतो, ही जमेची बाजू. खिरीतले दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, त्यामुळे एखादा दिवस पोट बिघडू शकते. खिरीत मनुका असतील, किंवा वड्यांत हिंग-मिरचीचे प्रमाण जास्त असेल, तर मांजरावर लक्ष ठेवावे आणि उलट्या थांबत नसल्यास पशुवैद्यांना विचारावे. पुढच्या वेळी पान ठेवण्याआधी मांजराला पोटभर जेवू घालून खोलीत बंद करावे. घरातले सगळे कावळ्याची वाट पाहत उभे आहेत आणि टाकीमागून मांजराचा पंजा हळूच वड्याकडे सरकतो आहे, असा प्रसंग त्यामुळे टळेल.

१५. मांजराने जिवंत पक्षी तोंडात धरून आणला. जखम दिसत नाही. सोडून देऊ का?

सोडू नये. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात आणि पिसांखालचे दाताचे बारीकसे छिद्र दिसत नसले, तरी पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला प्रतिजैविक लागते आणि ते पहिल्या दिवशीच लागते. मांजराला दुसऱ्या खोलीत बंद करावे, पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवावे, झाकण लावून अंधार करावा. चोचीत पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. दूध-पोळी तर नकोच. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे. इतरत्र जवळचे पशुवैद्य गाठावेत किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

मांजराला रागावून उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने त्याने प्रश्न २ मधल्या झाकणापेक्षा चांगले खेळणे आणले आहे.

१६. मांजराने पक्षी खाल्लाच, तर त्याला काही होते का?

बहुतेक वेळा होत नाही. तरी साल्मोनेला हे जिवाणू, जंत आणि टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला घातक परजीवी यांची शक्यता असते. त्यामुळे जंतांचे औषध वेळेवर द्यावे, आणि घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजराच्या विष्ठेची पेटी दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ करावी.

बर्ड फ्लूकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच-५-एन-१ विषाणूने मेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे घरगुती मांजरांतही तो आढळला. मार्जारकुळाला हा विषाणू जड जातो. तुमच्या भागात पक्षी किंवा कोंबड्या मरत असल्याच्या बातम्या असतील, तर मांजराला बाहेर सोडू नये, कच्चे चिकन देऊ नये, आणि मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये.

१७. गळ्यात घुंगरू बांधले तर पक्षी वाचतील का?

फारसा फरक पडत नाही. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये साडेतीनशेहून अधिक मांजरांवर केलेल्या अभ्यासात घंटेचा ठळक परिणाम दिसला नाही. गळ्याभोवतीच्या भडक रंगी कापडी पट्ट्याने मात्र घरी आणलेल्या पक्ष्यांची संख्या ४२ टक्क्यांनी घटली. भरपूर मांस असलेल्या धान्यविरहित खाण्यामुळे एकूण शिकार ३६ टक्क्यांनी, आणि रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्यामुळे २५ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, या जुन्या चिंतेपेक्षा प्रश्न ५ मधली दहा मिनिटे अधिक कामाची आहेत. पट्टा लावायचाच असेल तर ताण पडताच आपोआप सुटणारा घ्यावा, नाही तर तो फांदीत अडकतो.

१८. घरात लव्हबर्ड आहेत आणि आता मांजरही आणायचे आहे. एकत्र राहतील का?

एकत्र फोटो निघतील, एकत्र राहणार नाहीत. मांजराने पिंजऱ्याला हात लावला नाही, तरी दिवसभर समोर बसलेला शिकारी पाहून पक्षी खाणे सोडतात. दोघांच्या खोल्या वेगळ्या असाव्यात आणि मधले दार खरोखर बंद राहणारे असावे. हेच कोणी पोपटाबद्दल विचारत असेल तर मांजराचा प्रश्न येतच नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपला देशी पोपट घरात पाळणे हाच गुन्हा आहे.

१९. आमचा पाच किलोचा बोका कबुतर गॅलरीत उतरले की पलंगाखाली लपतो. त्याच्यात काही बिघाड आहे का?

बहुधा नाही. पाठलाग उपजत असला, तरी कोणत्या भक्ष्याला कसे हाताळायचे हे पिल्लू मोठ्या प्रमाणात आईकडून शिकते. फार लहानपणी आईपासून दूर झालेल्या आणि कायम घरात वाढलेल्या बोक्याने जवळून पाहिलेला पहिला पक्षी तीनशे ग्रॅमचा, पंख फडफडवून फटका देणारा असेल, तर त्याने माघार घेण्यात शहाणपण आहे. असा बोका झुरळावर किंवा पालीच्या तुटलेल्या शेपटीवर मात्र वाघासारखा तुटून पडतो, त्यात विसंगती काही नाही. त्याला जबरदस्तीने गॅलरीत नेऊ नये. पलंगाखाली त्याचे खोके सरकवून द्यावे. पूर्वी कबुतरांवर धावणारा बोका अचानक असा लपू लागला, खाणे कमी झाले किंवा उडी मारायचे टाळू लागला, तर मात्र दुखणे किंवा दृष्टीदोष असू शकतो आणि त्याला पशुवैद्यांना दाखवावे.